तेर हेच तगर कशावरून?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पुस्तक ‘पेरिप्लस’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात दख्खनच्या दोन बाजारपेठांचा उल्लेख येतो. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि त्याच्या पलीकडे पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं नगर. पैठणहून गोमेदासारखे खडे यायचे. तगरहून जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि समुद्रकाठच्या मुलखातून तिथे गोळा होणारा इतर माल यायचा. हे सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या लांबलचक प्रदेशातून भडोचच्या बंदरात उतरायचं. तगरविषयी लेखक सांगतो ते एवढंच. या चार वाक्यांवर विद्वानांनी शंभरावर वर्षं वाद घातला.

पैठण शोधावं लागलं नाही. प्रतिष्ठान हे नाव ग्रंथांत राहिलं, लोकांच्या तोंडी राहिलं, आणि गोदावरीही जागची हलली नाही. तगर मात्र नकाशावरून पुसलं गेलं. नाव उरलं ते मुख्यतः शिलाहारांच्या ताम्रपटांत. ठाण्याचे आणि कोल्हापूरचे, दोन्ही शाखांतले शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. त्यांपैकी अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट ठाण्याला सापडला आणि त्याचं भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात, १७८८ साली, छापून आलं. त्याच खंडात लेफ्टनंट विल्फर्ड याने तगरवर टिपण लिहिलं आणि हे नगर म्हणजे देवगिरी, म्हणजेच दौलताबाद, असं ठरवून टाकलं. वादाला तोंड फुटलं ते तिथून.

मग एकेक नाव पुढे येत गेलं. ग्रँट डफने तगर बीडच्या बाजूला गोदावरीकाठी असावं असं म्हटलं. कर्नल यूलने गुलबर्ग्यावर बोट ठेवलं, तेही शंका राखून. पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं. डॉ. रा. गो. भांडारकरांनी १८८४ च्या आपल्या दख्खनच्या इतिहासात बीड जिल्ह्यातलं धारूर पसंत केलं. जॉन फेथफुल फ्लीट यांचा कल आधी कोल्हापूरकडे होता. पुढे १९०१ साली त्याच फ्लीटनी ‘रॉयल एशियाटिक सोसायटी’च्या जर्नलमध्ये लेख लिहून आपलं जुनं मत सोडलं आणि तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणाकाठचं तेर, असं मांडलं. तेव्हापासून बहुतेक अभ्यासक तेच मानत आले आहेत.

मीही तेच मानतो. पण तेर हेच तगर हे ज्या कारणांसाठी आज सांगितलं जातं, ती बहुधा कच्ची असतात. ‘नाव जुळतं आणि रोमन वस्तू सापडतात’, एवढ्यावर विषय मिटवला जातो. निर्णय बरोबर असला तरी कारण कच्चं चालत नाही, कारण त्याच कच्च्या कारणावर उद्या कुणीही कुठल्याही गावाला कुठलंही प्राचीन नाव देऊ शकतो, आणि देतातही. म्हणून हा जुना खटला पुन्हा एकदा उघडून, कुठला पुरावा किती वजनाचा आहे हे तपासायला हवं.

पहिला पुरावा अंतराचा. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरतं. वीस दिवस म्हणजे दिवसाला सतरा-अठरा किलोमीटर. लादलेली बैलगाडी, वाटेतले नदीनाले आणि घाट धरले तर हा वेग पटण्यासारखा आहे. याच मापाने दहा दिवसांत पैठणपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर जायला हवं. आता उमेदवार तपासू. दौलताबाद पैठणपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, तेही उत्तरेला, म्हणजे भडोचकडे परत जाण्याच्या वाटेवर. विल्फर्डचं मत इथेच निकालात निघतं. जुन्नरचं अंतर नेमकं जुळतं, सुमारे एकशे साठ किलोमीटर, पण ते पश्चिमेला आहे. कोल्हापूर तीनशेहून जास्त किलोमीटर, नैर्ऋत्येला. गुलबर्गा सुमारे दोनशे ऐंशी. धारूर एकशे पाच-दहा. तेर सुमारे दीडशे.

हिशोब तेरच्या बाजूने लागतो, पण पुरता नाही. पेरिप्लस ‘पूर्वेला’ म्हणतो आणि तेर पैठणच्या आग्नेयेला आहे, त्यातही पूर्वेपेक्षा दक्षिणेकडेच जास्त झुकलेलं. खुद्द फ्लीटनीही ही दिशा लपवली नाही. उलट धारूर बऱ्यापैकी आग्नेयेला पडतं, म्हणजे दिशेच्या कसोटीवर भांडारकरांचं धारूर तेरपेक्षा सरस ठरतं. टॉलेमीने दुसऱ्या शतकात तर तगर पैठणच्या ईशान्येला दाखवलं, आणि ते दोन्ही गावांना लागू पडत नाही. तेरचा पुरस्कार करणारे हा मुद्दा बहुतेक वेळा पुसटसा सांगून पुढे जातात. तसं करू नये. ही अडचण खरी आहे आणि तिचं उत्तर द्यायला हवं.

उत्तर पेरिप्लसमध्येच आहे. पैठणही भडोचच्या नेमक्या दक्षिणेला नाही. ते आग्नेयेला आहे, निम्मं दक्षिणेकडे आणि निम्मं पूर्वेकडे. पैठणच्या जागेविषयी तर कुणाला शंका नाही. म्हणजे या लेखकाच्या दिशा देशावर, किनाऱ्यापासून आत, सैल होतात हे सिद्धच आहे. तसं होण्याचं कारणही समजतं. बंदरं, भरती-ओहोटी, खाडीतले धोके यांचं त्याचं वर्णन डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं आहे. भडोचच्या नर्मदेच्या मुखातले उथळ भाग आणि तिथे येणारा भरतीचा लोंढा त्याने जितक्या तपशिलाने लिहिला, तितका तपशील पैठण किंवा तगरबद्दल कुठेच नाही. देशावरची माहिती त्याला भडोचच्या बाजारात व्यापाऱ्यांकडून कळलेली दिसते. गाडीवान मुक्काम मोजतो, दिवस मोजतो. दिशा कुणी विचारलीच तर तो पुढच्या वाटेकडे हात करतो. म्हणून दिवसांच्या आकड्यावर जास्त भर द्यावा आणि दिशेवर कमी, हे मला न्याय्य वाटतं.

शिवाय हे शब्द आपल्यापर्यंत कसे पोचले हेही लक्षात ठेवावं. पेरिप्लसची मुख्य हस्तप्रत दहाव्या शतकातली आहे आणि ती हायडेलबर्गला आहे. लंडनमधली दुसरी प्रत तिच्यावरूनच उतरवलेली. मूळ लेखनानंतर आठ-नऊशे वर्षांनी नकलकाराने केलेली ही प्रत, आणि तिच्यात चुका आहेत हे सगळे संपादक मान्य करतात. एका दिशेच्या शब्दावर सबंध नगर उभं करणं किंवा पाडणं या प्रतीच्या जोरावर शक्य नाही.

दुसरा पुरावा शिलाहारांच्या बिरुदाचा. त्यानेच अनेकांना चकवलं. कोल्हापूरचे शिलाहार ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणून तगर कोल्हापूरच्या आसपास, असा विचार सहज मनात येतो. पण ठाण्याचे शिलाहारही तेच बिरुद लावत होते, आणि एकच नगर दोन्ही राज्यांत असणं शक्य नाही. पुण्यात चार पिढ्या राहिलेल्या पैठणकरांच्या घरावरून पैठण पुण्याजवळ आहे असं कुणी म्हणणार नाही. बिरुद एवढंच सांगतं की या घराण्याला आपला मूळ पुरुष तगरचा वाटत होता. तगर कुठे होतं हे ते सांगत नाही. फ्लीटना हे उमगलं आणि त्यांनी कोल्हापूर सोडलं. शिलालेखांच्या क्षेत्रात त्या काळी त्यांच्या शब्दाला मोठं वजन होतं. जुन्या मताला चिकटून राहिले असते तरी त्यांना कुणी फारसं हटकलं नसतं. मत सोडलं आणि का सोडलं हे छापून सांगितलं, म्हणूनच हा वाद पुढे सरकला. भांडारकरांचंही तेच. धारूर चुकलं असेल, पण धारूर का हे त्यांनी लिहून ठेवल्यामुळे ते तपासता आलं. ज्या मताची कारणंच दिलेली नसतात ते खोडताही येत नाही, आणि असं मत विद्येच्या काही उपयोगाचं नसतं.

तिसरा पुरावा नावाचा. यावर लोकांचा सर्वांत जास्त विश्वास आणि माझा सर्वांत कमी. तगरचं तयर, तयरचं तेर, हा बदल प्राकृताच्या चालीला धरून आहे, त्यात ओढाताण नाही. पण पंडित भगवानलालांनीही जुन्नरभोवतीच्या तीन डोंगरांवरून ‘त्रिगिरी’ आणि त्यावरून ‘तगर’ असा मेळ घातलाच होता, आणि ते लहान विद्वान नव्हते. नाणेघाट आणि नाशिकच्या लेखांवरचं त्यांचं काम आजही आधाराला घ्यावं लागतं. ध्वनींच्या वाटेने माणूस मनात येईल तिथे पोचू शकतो. तेरच्या बाबतीत एक जास्तीचा आधार मात्र आहे. अकराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश जैन काव्यात तेरापूर आणि त्याच्याजवळची लेणी येतात, आणि ती धाराशिवची लेणी म्हणून ओळखली गेली आहेत. म्हणजे तेर हे नाव निदान तेवढं जुनं. नाव जुळत नसतं तर तेरचा दावा अडचणीत आला असता. जुळतं म्हणून दावा सिद्ध होत नाही.

मला सर्वांत भक्कम वाटतो तो व्यापाराच्या वाटेचा पुरावा, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. पैठण-तगरचा माल इतक्या लांब भडोचला जावाच का? कोकणची बंदरं तर जवळ होती. नाणेघाट उतरला की कल्याण. याचं उत्तर पेरिप्लसच्या पुढच्याच भागात मिळतं. कल्याण आधी रीतसर बंदर होतं, पण पुढे तिथला व्यापार अडवला गेला आणि तिथे येणारी ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या झगड्याचा तो काळ. घाटाखालची दारं बंद झाली म्हणून देशावरचा माल उत्तरेला वळला. आता तगर जर जुन्नर असतं, तर नाणेघाटाच्या माथ्याकडचं हे गाव पैठणच्या ‘पलीकडे’ म्हणायला काहीच आधार राहत नाही. कोल्हापूर असतं, तर तिथला माल पैठणवरून भडोचला जाणं हा उलटा फेरा. आणि तगरमध्ये समुद्रकाठचा माल गोळा होतो असं लेखक म्हणतो, तो समुद्र कोणता? पश्चिमेच्या किनाऱ्यावरचा माल घाट चढून आत आणून पुन्हा त्याच किनाऱ्यावरच्या भडोचला नेण्यात अर्थ नाही. तो पूर्वेचा समुद्र असणार, आंध्राचा किनारा. फ्लीटनी मच्छलीपट्टणम आणि विनुकोंड्याकडून येणाऱ्या दोन वाटा हैदराबादच्या अलीकडे मिळून तेर, पैठण, दौलताबाद अशा पुढे जातात हे दाखवलं. नकाशा समोर ठेवून पाहावं: आंध्राकडून पैठणला येणारा माल जिथे थांबेल, नव्याने भरला जाईल, अशा जागी तेर बसतं. तेर तगर का, याचं खरं उत्तर या वाटेत आहे असं मला वाटतं.

हे सगळं कागदावरचं. फ्लीट १९०१ साली इंग्लंडमध्ये बसून लिहीत होते. जमीन काय म्हणते ते पाहायला हेन्री कझेन्स तेरला गेले आणि त्यांचा अहवाल पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अंकात आला. गावाभोवती उंच टेकाडं, खापरं आणि विटा त्यांना दिसल्या. त्रिविक्रमाचं देऊळ त्यांनी पाहिलं: मागची बाजू अर्धगोल, विटांचं, कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण करून देणाऱ्या घडणीचं. अशी विटांची चैत्याकार वास्तू देशात फार थोड्या ठिकाणी उभी आहे. आंध्रातलं चेजर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर हे तिचं जवळचं भावंड. उत्तरेश्वराचं देऊळ आणि त्याची कोरीव लाकडी चौकट हेही तिथेच. इतकं सगळं असून हे गाव विद्वानांच्या यादीत शतकभर का आलं नाही? मला वाटतं, ते निजामाच्या राज्यात होतं म्हणून. मुंबई सरकारची गॅझेटियरं, पाहण्या, शिलालेखांचे ठसे हे सारं इंग्रजी मुलखात जास्त झालं, आणि निजामाच्या मुलखातली जी गावं उमेदवार झाली तीही आधीच ओळखीची होती. इंग्रजी नकाशात तेर ‘थैर’ या अनोळखी रूपात छापलेलं होतं. तेरकडे कुणी डोळसपणे पाहिलंच नव्हतं.

पुढे उत्खननं झाली: १९५८ साली चापेकरांनी, १९७४-७५ मध्ये डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी, आणि इतरही. सातवाहन काळातली भरभराटीची वस्ती जमिनीखाली आहे हे निर्विवाद ठरलं. तिथल्या लहान वस्तू हातभर अंतरावरून पाहाव्यात अशा आहेत. पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती दोन साच्यांत घालून, आतून पोकळ केलेल्या. केसांची वेणी, कानातली भोकरं, गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी उठून दिसतो. मातीच्या गोल चकत्यांवर रोमन नाण्याचा ठसा असतो: बादशहाचा चेहरा एका बाजूने, भोवती अक्षरांचा नुसता भास, आणि वर दोरा ओवायला नाकं. नाण्याची ही नक्कल कुणा बाईने किंवा पोराने गळ्यात घातली असेल. परक्या राजाचा चेहरा तेरच्या बाजारात दागिना झाला होता.

पण इथेही सांभाळून बोलायला हवं. तेरला हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आणि तशीच १९३८ साली इटलीत पाँपेईला सापडलेली, हे कौतुकाने सांगितलं जातं. पाँपेई ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणून ती मूर्ती त्याआधीची, हेही खरं. मात्र जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती मूर्तीही पाँपेईच्या मूर्तीशी तितकीच जुळते, आणि भोकरदन तगर नाही, ते भोगवर्धन. रोमन वस्तू सापडणं म्हणजे तो काळ आणि तो व्यापार तिथे होता. गावाचं नाव वस्तूंवरून कळत नाही. जमिनीतला पुरावा एकच गोष्ट ठरवतो: कागदावर जे दोन उमेदवार टिकले, त्यांपैकी कोण ‘फार मोठं नगर’ असू शकतं. धारूरला मध्ययुगीन किल्ला आहे, मानाचा किल्ला आहे. पण तेरच्या तोडीची सातवाहनकालीन वस्ती तिथे पुढे आलेली नाही. दिशेत धारूर थोडं पुढे, पण वाट, अंतर, नाव आणि जमीन या चारही बाबतींत तेर पुढे. म्हणून निकाल तेरच्या बाजूने.

नाव कोरलेली मुद्रा मिळाली की अशा वादांचा कायमचा निकाल लागतो, असं समजू नये. कौशांबीच्या बाबतीत लागला. कनिंगहॅमने कोसम हेच कौशांबी म्हटलं, व्हिन्सेंट स्मिथने चिनी प्रवाशाच्या अंतरांवरून हरकत घेतली, आणि पुढे तिथे घोषिताराम विहाराचा लेख सापडल्यावर शंका संपली. उलट कपिलवस्तूचं पाहा. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहव्याला १९७० च्या दशकात कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचा उल्लेख असलेल्या मातीच्या मुद्रा निघाल्या. तरी नेपाळमधलं तिलौराकोट हेच शाक्यांचं नगर असं मानणारे मागे हटले नाहीत, आणि त्यांच्याकडेही कारणं आहेत: तटबंदी असलेलं शहर तिलौराकोटला आहे, आणि विहाराच्या मुद्रेवरून राजधानीचं ठिकाण ठरतंच असं नाही. त्यात दोन देशांचा अभिमान मिसळला आणि वाद आणखी अवघड झाला. तेरच्या मागे असा देशाभिमान नव्हता. म्हणून तिथला वाद कारणांवर चालला आणि कारणांवर मिटला. आज आपल्याकडे गावागावांना पुराणातली, महाकाव्यातली नगरं चिकटवण्याचा सोस वाढला आहे. त्यात कारण आधी नसतंच. अभिमान आधी आणि कारण मागाहून गोळा केलेलं. याची मला मनापासून काळजी वाटते.

आणखी एक काळजी जमिनीची. तेर लोकांना ठाऊक आहे ते गोरोबाकाकांमुळे. संत गोरा कुंभारांच्या समाधीला वारकरी येतात. त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर टेकाडांवरून निघालेल्या हजारो वस्तू जमवल्या आणि त्यांचा संग्रह आज शासकीय संग्रहालय आहे. त्यांनी हे केलं नसतं तर बहुतेक वस्तू दलालांच्या हाती किंवा मातीत गेल्या असत्या. पण त्यांतल्या कितीतरी वस्तू कुठल्या थरातल्या, शेजारी काय होतं, हे आता कुणी सांगू शकत नाही. मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या माळवदावर टाकायला तिथलीच माती नेली जाते, कारण ती पाणी धरत नाही. आता त्याच मातीसाठी जेसीबी येतो. जे काम कुदळीला शंभर वर्षं लागलं असतं ते एका दुपारी होतं. कौशांबीसारखा एखादा लेख तेरच्या टेकाडात असेलच तर तो विटांच्या तुकड्यांबरोबर ट्रॉलीत भरला जाईल आणि कुणाला कळणारही नाही.

म्हणून वाचकांना, विशेषतः धाराशिव, बीड, लातूर, जालना या भागातल्या वाचकांना, एक विनंती. आपल्या गावाच्या पांढरीत नांगराला, विहिरीला किंवा पायाला काही लागलं, तर ते उचलण्याआधी जागेचा फोटो घ्या. कोणत्या गटात, किती खोल, कसल्या मातीत सापडलं हे त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहा. आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. गावाचं प्राचीन नाव काय होतं हे मग अभ्यासक भांडून ठरवतील. त्यांना भांडायला पुरावा शिल्लक राहील एवढं आपण करू.